भिंत बघा: पुरुषांच्या ४०० मीटर फ्रीस्टाइलबद्दल काठावर विचारले जाणारे प्रश्न

लातुरात एका छोट्या तलावावर मी पोरांना पोहायला शिकवतो. तलाव २५ मीटरचा, लेन सहा, काठावर पालकांसाठी चार बाक. जागतिक जलतरण स्पर्धा किंवा ऑलिंपिक सुरू झालं की या बाकांवर मोबाईल फिरायला लागतो आणि माझ्यावर प्रश्नांचा मारा सुरू होतो. पोरं विचारतात, त्यांच्या आया विचारतात. नातवाला सोडायला येणारे एक निवृत्त हेडमास्तर तर घरून प्रश्न ठरवूनच येतात. तीच तीच उत्तरं देऊन घसा बसतो, म्हणून ही एकदाची लिहून ठेवली. बहुतेक प्रश्न ४०० मीटरचे आहेत, कारण आमच्या बाकांवर हीच शर्यत पूर्ण बघितली जाते. ५० मीटरची चहाचा घोट घेईपर्यंत संपते आणि १५०० ला मधेच कुणाचा तरी फोन येतो.

४०० मीटर म्हणजे तलावाच्या किती चकरा?

आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा तलाव ५० मीटरचा असतो. म्हणजे आठ लांब्या आणि सात टर्न. आमच्या तलावात तेच अंतर सोळा लांब्यांचं आणि पंधरा टर्नचं होतं. टर्नचा हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फ्रीस्टाइल म्हणजे कसंही पोहलं तरी चालतं का?

नियमाने चालतं. हवं तर बेडकासारखं जा, हवं तर उताणं जा. सगळे क्रॉल मारतात (पालथं पडून आळीपाळीने एकेक हात मारत जायचं), कारण त्याहून वेगवान प्रकार अजून कुणाला सापडलेला नाही. बंधनं थोडीच आहेत. प्रत्येक लांबीच्या शेवटी शरीराचा कुठला तरी भाग भिंतीला लागलाच पाहिजे, हात नाही तर पाय. सुरुवातीची उडी आणि प्रत्येक टर्न यानंतर जास्तीत जास्त १५ मीटर पाण्याखालून जाता येतं, तोवर डोकं वर आलंच पाहिजे. लेनची दोरी धरून स्वतःला ओढायचं नाही.

मधेच दम लागला आणि उभं राहिलं तर बाद?

नाही. फ्रीस्टाइलमध्ये तळाला पाय टेकून उभं राहायला परवानगी आहे, फक्त चालायचं नाही. हे ऐकून पोरांना फार हसू येतं. अर्थात जागतिक स्पर्धेचा तलाव दोन-तीन मीटर खोल असतो, तिथे उभं राहून नाकात पाणीच जायचं.

२०२५ च्या जागतिक स्पर्धेत नेमकं काय झालं?

स्पर्धा सिंगापूरला होती. २७ जुलैला, रविवारी, पुरुषांच्या ४०० मीटर फ्रीस्टाइलची अंतिम फेरी झाली. जर्मनीचा लुकास मेर्टेन्स ३ मिनिटं ४२.३५ सेकंदांत पहिला आला. ऑस्ट्रेलियाचा सॅम्युएल शॉर्ट ३:४२.३७ वर दुसरा आणि दक्षिण कोरियाचा किम वू-मिन ३:४२.६० वर तिसरा. पहिला आणि तिसरा यांच्यात पाव सेकंद.

ही शर्यत गोड का लागते ते मागचं माहीत असल्याशिवाय कळत नाही. २०२३ साली जपानमधल्या फुकुओकाच्या जागतिक स्पर्धेत याच शॉर्टने ट्युनिशियाच्या अहमद हफनावीला हरवलं होतं. वेळा ३:४०.६८ आणि ३:४०.७०. म्हणजे जे दोन शतांश त्याला जपानने दिले, तेवढेच सिंगापूरने मोजून परत घेतले. मधल्या काळात पॅरिस ऑलिंपिकला बिचारा चौथा आला होता, ३:४२.६४. कांस्यपदक ३:४२.५० वर गेलं. या शर्यतीत माणसाचं नशीब सेकंदाच्या पाचव्या भागात आत-बाहेर होत असतं.

आणखी एक गंमत. टोकियो ऑलिंपिकपासून पॅरिसपर्यंत पाच मोठ्या स्पर्धा झाल्या आणि पाच वेगळे विजेते निघाले. टोकियोला हफनावी, २०२२ ला बुडापेस्टमध्ये ऑस्ट्रेलियाचा एलायजा विनिंग्टन, २०२३ ला शॉर्ट, २०२४ च्या फेब्रुवारीत दोह्याला किम आणि त्याच वर्षी पॅरिसला मेर्टेन्स. मालकी सांगणारा पहिला माणूस सिंगापूरला सापडला.

दोन शतांश म्हणजे अंतर किती?

हेडमास्तरांचा प्रश्न. आम्ही काठावरच हिशोब केला. ४०० मीटर २२२ सेकंदांत म्हणजे सेकंदाला साधारण १.८ मीटर. त्याचे दोन शतांश काढले तर साडेतीन सेंटिमीटर येतात. दोन बोटं. ४०० मीटर पोहून शेवटी दोन बोटं.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं घ्या. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत त्याची वेळ आली २२.४७. कांस्यपदक गेलं २२.४६ ला. एक शतांश म्हणजे त्या वेगाने दोन सेंटिमीटर, बोटाचं एक पेर. त्या दिवशी सकाळी प्राथमिक फेरीत तोच २२.४३ पोहला होता. मी ही गोष्ट पोरांना फार वेळा सांगत नाही, पण भिंतीजवळ येऊन कुणी हात आखडला की सांगतो.

दोघांची वेळ अगदी सारखी आली तर?

दोघांनाही तेच पदक. २००० साली सिडनी ऑलिंपिकला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये अमेरिकेचे अँथनी अर्विन आणि गॅरी हॉल ज्युनियर दोघेही २१.९८ वर आले आणि दोघांनाही सुवर्ण मिळालं.

हेडमास्तर म्हणाले, मग हजारांश मोजा की. एकदा मोजले होते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला ४०० मीटर मिडलेमध्ये (पोहण्याचे चारही प्रकार एकाच शर्यतीत) स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी शतांशापर्यंत बरोबरीत होते. हजारांश काढला, तेव्हा ४:३१.९८१ आणि ४:३१.९८३ निघालं. लार्सनला सुवर्ण, मॅकीला रौप्य. त्यानंतर नियमच बदलला आणि शतांशावर थांबायचं ठरलं. कारण अगदी गवंडीकामाचं आहे. एका हजारांशात पोहणारा दोन मिलिमीटर जातो, आणि ५० मीटरचा तलाव बांधताना एका लेनची लांबी दुसरीपेक्षा त्याहून जास्त वेगळी निघू शकते. नियमातच एका सेंटिमीटरपर्यंतची सूट आहे. मग हजारांशाचं पदक पोहणाऱ्याला द्यायचं की टाइल्स बसवणाऱ्याला?

वेळ घेतं कोण? कुणी घड्याळ घेऊन उभं तर दिसत नाही.

भिंतीवर पाण्यात एक पातळ पाटी लावलेली असते, टचपॅड म्हणतात तिला. सुमारे २.४ मीटर रुंद, ९० सेंटिमीटर उंच आणि सेंटिमीटरभर जाड. लाटेने ती दबत नाही, हाताच्या दाबाने दबते आणि घड्याळ थांबतं. उडी मारायच्या ठोकळ्यातही यंत्र असतं, त्यामुळे कोण इशाऱ्याआधी सुटला तेही कळतं.

हे सगळं आलं एका भांडणातून. १९६० च्या रोम ऑलिंपिकला १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये अमेरिकेच्या लान्स लार्सनवर तीन घड्याळं होती, ती म्हणत होती ५५.०, ५५.१ आणि ५५.१. ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेविटची तिन्ही घड्याळं ५५.२ म्हणत होती. तरी पंचांनी डोळ्याने बघून डेविटला पहिला ठरवलं आणि तो निकाल तसाच राहिला.

आमच्याकडे अजून हातघड्याळंच आहेत, त्यामुळे मला ही गोष्ट जवळची वाटते. एका स्पर्धेत माझ्या मुलाच्या लेनवर दोनच वेळाधिकारी होते आणि दोघांच्या घड्याळांत सात दशांशांचा फरक आला. एक जण म्हणाला, माझं जरा उशिरा दाबलं गेलं. दुसरा म्हणाला, मी तर फोनवर होतो. तीन घड्याळं असती तर मधली वेळ धरता येते. दोघांची सरासरी काढली, पोरगा चौथा.

सगळ्यात जोरात पोहणारा नेहमी मधल्याच लेनमध्ये कसा?

नशिबाने नाही, नियमाने. सकाळच्या प्राथमिक फेऱ्यांतले सर्वांत वेगवान आठ जण अंतिम फेरीत जातात. पहिल्याला चौथी लेन, दुसऱ्याला पाचवी, मग तिसरी, सहावी, दुसरी, सातवी, पहिली आणि आठव्याला आठवी. ५०, १०० आणि २०० मीटरला मधे उपांत्य फेरी असते. ४०० ला नाही, सकाळी पोहा आणि संध्याकाळी पदक.

मधल्या लेनमधून दोन्ही बाजूंचे प्रतिस्पर्धी दिसतात. कडेला एकच बाजू दिसते आणि आपण कुणाला दिसत नाही. हे न दिसणं कधी कधी फळतं. टोकियोला १८ वर्षांचा हफनावी सकाळी आठवा येऊन कसाबसा आत गेला आणि आठव्या लेनमधून ३:४३.३६ मध्ये सुवर्ण घेऊन बाहेर आला. सगळे मधे बघत होते. आमच्या बाकांवरचा व्हिडिओ चालू असताना मी एका बाईंना विचारलं, कोण जिंकेल? त्यांनी चारवर बोट ठेवलं, शेवटच्या २० मीटरलासुद्धा.

"सर, ह्यो श्वास कवा घ्यायलाय?"

दुसरीतल्या एका पोराचा प्रश्न, आणि तो खरोखर बारकाईने बघत होता. श्वास घेतात, बहुतेक वेळा प्रत्येक दोन हातांमागे. दिसत नाही, कारण डोकं वर काढत नाहीत, बाजूला वळवतात. जोरात पुढे जाणाऱ्या डोक्यापुढे पाण्याचा उंचवटा तयार होतो आणि गालाशेजारी खळगा पडतो. तोंड त्या खळग्यात उघडायचं. अर्धा जबडा पाण्यातच असतो. ५० मीटरवाले एखादाच श्वास घेतात किंवा घेतच नाहीत, पण ४०० मीटरला तसं करून चालायचं नाही, पाय शिशाचे होतात.

चेहरा कोणत्या बाजूला वळतो तेही बघा. ज्या बाजूला श्वास, त्या बाजूचा शत्रू दिसतो. दुसऱ्या बाजूचा दिसायला टर्नची वाट बघावी लागते.

भिंतीजवळ कोलांटी का मारतात? हात लावून वळलं तर काय बिघडतं?

इथे जरा थांबा, कारण माझ्या मते शर्यत बघायची ती इथेच.

पोहणारा पाण्याच्या पृष्ठभागावर सेकंदाला १.८ मीटर जातो. भिंतीवर दोन्ही पाय रोवून ढकललं की सुटतानाचा वेग त्याहून बराच जास्त असतो. बाण सुटावा तसा. हात डोक्याच्या पुढे एकावर एक, कान दंडांच्या मधे, शरीर सरळ. मग पाण्याखाली दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखे मारायचे, ही डॉल्फिन किक. वेग हळूहळू ओसरून पोहण्याच्या वेगाइतका होतो, नेमक्या त्या क्षणाला वर यायचं. आधी आलात तर फुकटचा वेग सोडला, उशिरा आलात तर दमही गेला आणि वेगही.

कोलांटीची खूण तळाला असते. लेनच्या मधोमध तळावर जी काळी रेघ दिसते, ती भिंतीच्या दोन मीटर अलीकडे संपते आणि तिथे आडवी रेघ असते, इंग्रजी टी अक्षरासारखी. पोहणारा भिंतीकडे बघत नाही, त्या टीकडे बघतो. टी आली की शेवटचा हात, हनुवटी छातीला, ढुंगण वर, पाय भिंतीवर. माझ्या हातातल्या घड्याळात चांगल्या मुलाचा पूर्ण टर्न एका श्वासात बसतो. नवख्या मुलाचं असं होतं: टीपाशी येतो, मान वर करून भिंत किती लांब आहे ते बघतो, वेग मरतो, मग कोलांटी खोल जाते आणि पाय भिंतीला पोचतच नाहीत. हवेत लाथ मारावी तशी पाण्यात लाथ मारून तो तिथेच तरंगत राहतो. नियमाने भिंतीला शिवला नाही म्हणजे बाद, म्हणून परत मागे येऊन शिवतो. मागचे तोवर निघून गेलेले.

आता सुरुवातीचा हिशोब काढा. सात टर्न. प्रत्येकात फक्त तीन दशांश घालवले तरी दोन सेकंद गेले. सिंगापूरला दोन सेकंदांत अख्खी पदकांची रांग बसली असती.

पहिल्यापासून जोर का लावत नाहीत? शेवटी सगळे एकदम पिसाळल्यासारखे का होतात?

३:४२ ची वेळ आठ लांब्यांत वाटली तर प्रत्येकीला पावणेअठ्ठावीस सेकंद येतात. पहिली लांबी उडीमुळे तशीही लवकर होते, शेवटची जीव खाऊन. खरी शर्यत मधल्या सहा लांब्यांत, जिथे काहीच घडत नाही असं वाटतं. तिथे २८ च्या आसपास घड्याळासारखं पोहत राहायचं असतं. तिसऱ्या लांबीला कुणी २७ मारली की बाकांवर टाळ्या पडतात, पण सहाव्या लांबीला त्याचं बिल येतं.

पायांकडे बघितलं तर हे आधीच कळतं. मांड्या हे शरीराचे सगळ्यात मोठे स्नायू, ऑक्सिजन पिणारे. म्हणून मधे पाय जपून मारतात आणि शेवटच्या ५०-१०० मीटरला मागे पांढरं पाणी उसळायला लागतं. ते उसळलं की समजायचं, शिल्लक बाहेर काढली.

त्यांचा वेग ताशी किती?

साडेसहा किलोमीटर. एवढाच. बस सुटायच्या भीतीने स्टँडकडे झपाझप निघालेला माणूस याच वेगाने चालतो. हे ऐकून पालकांचा विरस होतो. पण पाणी हवेच्या सुमारे आठशे पट घन असतं. त्या बसवाल्या माणसाला गळ्याएवढ्या पाण्यात चालायला सांगा, मग बोलू.

इशाऱ्याआधी उडी पडली तर परत संधी मिळते का?

नाही. एक चूक, घरी. या बाबतीत सगळ्यांत गाजलेली गोष्ट ४०० मीटरचीच आहे. २००४ साली ऑस्ट्रेलियाच्या निवड चाचणीत इयान थॉर्प, म्हणजे तेव्हाचा विश्वविक्रमवीर आणि ऑलिंपिक विजेता, ठोकळ्यावर वाकलेला असताना तोल जाऊन पाण्यात पडला. बाद. पुढे क्रेग स्टीव्हन्सने या शर्यतीतली आपली जागा सोडली, थॉर्प अथेन्सला गेला आणि सुवर्ण जिंकला. स्टीव्हन्सच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, यावर आमच्या बाकांवर एकदा अर्धा तास वाद झाला. बॅचची वेळ संपली.

विश्वविक्रम किती आणि कुणाचा?

१२ एप्रिल २०२५ ला स्टॉकहोममध्ये मेर्टेन्सने ३:३९.९६ नोंदवले. ३:४० च्या आत जाणारा तो पहिला.

या आकड्यामागे मोठी रांग आहे. १९७३ ला बेलग्रेडमध्ये पहिली जागतिक स्पर्धा भरली, तिथे अमेरिकेचा रिक डेमाँट ३:५८.१८ पोहला आणि चार मिनिटांची भिंत पहिल्यांदा तुटली. त्याच डेमाँटचं म्युनिक ऑलिंपिकचं सुवर्ण आदल्या वर्षी काढून घेतलं होतं, दम्याच्या औषधात बंदी असलेला घटक निघाला म्हणून. ती शर्यतही त्याने एका शतांशाने जिंकली होती. मग १९९८ ला पर्थमध्ये १५ वर्षांचा थॉर्प जगज्जेता झाला आणि २००२ ला मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३:४०.०८ लावली. ती वेळ सात वर्षं टिकली. २००९ ला रोममध्ये जर्मनीच्या पॉल बीडरमानने ३:४०.०७ पोहून ती एका शतांशाने मोडली.

रोमची ती स्पर्धा पोशाखांमुळे वादात सापडली. अंगभर पॉलियुरेथेनचे सूट होते, शरीर वर उचलून धरणारे. त्या आठवड्यात ४३ विश्वविक्रम मोडले. १ जानेवारी २०१० पासून ते सूट बंद झाले, पुरुषांना कंबर ते गुडघा एवढाच कापडी पोशाख उरला. बीडरमानची ४०० ची वेळ कापडी चड्डीत मोडायला जगाला जवळजवळ सोळा वर्षं लागली.

एवढ्या मोठ्या तलावाला पाणी किती लागतं हो?

हा प्रश्न फक्त आमच्याकडेच पहिल्या पाचांत येत असेल. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद, दोन मीटर खोल धरला तर २५ लाख लिटर. तीन मीटर खोल केला तर साडेसदतीस लाख.

२५ लाख हा आकडा लातूरकराच्या कानाला ओळखीचा लागेल. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिली गाडी दहा वाघिणींची, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची यायला लागली, ती साधारण २५ लाखांची. म्हणजे अख्खी जलदूत गाडी ओतली तर एक ऑलिंपिक तलाव भरतो, तोही कमी खोलीचा. त्या उन्हाळ्यात आमच्यासारखे तलाव बंद होते आणि त्याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही, काढायला तोंडच नव्हतं. पोरं कोरड्या तलावाच्या तळाला टीच्या रेघेवर बसून गोट्या खेळायची.

खोली मात्र हौसेची नसते. उथळ तलावात लाटा तळावर आपटून वर येतात आणि पोहणाऱ्याला त्रास देतात, असं मानलं जातं. पॅरिसचा तलाव २.१५ मीटरचाच होता म्हणून बरीच बोंबाबोंब झाली. त्याच तलावात चीनच्या पान झानलेने १०० मीटरचा ४६.४० चा विश्वविक्रम केला आणि अमेरिकेच्या बॉबी फिंकने १५०० चा, १४:३०.६७.

यात आपली माणसं कुठे आहेत?

जागतिक पदकांच्या यादीत नाहीत. पण फ्रीस्टाइल आणि आपण यांचं नातं जुनं आहे. १९५१ ला दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या, तिथे सचिन नाग यांनी १०० मीटर फ्रीस्टाइल जिंकली आणि ते आशियाई स्पर्धांतलं भारताचं पहिलंच सुवर्ण ठरलं. कुस्ती, हॉकी यांच्याही आधी पोहणं. १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांत सुवर्ण घेतलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला जवान होता तो. वीरधवल २००८ ला बीजिंग ऑलिंपिकला गेला आणि २०१० ला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य आणलं, खजान सिंग यांच्या १९८६ च्या रौप्यानंतर चोवीस वर्षांनी. २०२१ ला साजन प्रकाश आणि श्रीहरी नटराज ऑलिंपिकची थेट पात्रता वेळ गाठून टोकियोला गेले, तेही बटरफ्लाय आणि बॅकस्ट्रोकला. ४०० फ्रीस्टाइलची जागा रिकामीच आहे.

आमचा पोरगा विहिरीत माशासारखा पव्हतो. त्याला स्पर्धेत घालावं का?

घाला, पण त्याला दोन गोष्टी विसराव्या लागतील.

मी स्वतः विहिरीत शिकलो. चुलत्यांनी पाठीला तेलाचा पाच लिटरचा कॅन बांधला आणि पायरीवरून ढकललं. कपारीतले पारवे फडफडत वर गेले, मी खाली. चार दिवसांत कॅन सुटला. विहिरीत शिकलेल्या पोराला पाण्याची भीती राहत नाही, दम चांगला असतो, सूर तर असा मारतात की आमच्या शहरी पोरांनी बघत राहावं. हे भांडवल मोठं आहे.

पण विहिरीत मान वर ठेवूनच पोहावं लागतं, वरून कोण मुटका मारतोय ते दिसायला नको का? तलावात मान वर झाली की कंबर खाली जाते आणि माणूस पाणी ओढत चालल्यासारखा होतो. ही सवय महिना-दीड महिन्यात मोडते.

दुसरी जास्त चिवट. विहीर तीस-चाळीस फुटांची. चार हात मारले की दगड येतो. दगड आला की धरायचा, दम घ्यायचा, पाणी नाकातून शिंकरायचं, गप्पा मारायच्या. विहिरीत भिंत म्हणजे विसावा. हाताला ती सवय लागलेली असते, आणि शर्यतीत नेमक्या त्याच जागी सगळ्यात जास्त वेग कमवायचा असतो. माझ्याकडे औशाजवळच्या एका खेड्यातून येणारा मुलगा आहे. पोहण्यात कुणाला ऐकत नाही, पण भिंत आली की त्याचा उजवा हात अजूनही आपोआप कठडा शोधतो. "सर, म्या नाही धरत, हातच धरायलाय." आता त्याला रोज सकाळी पन्नास कोलांट्या, मधे पोहणं नाहीच.

२५ मीटरच्या तलावातली वेळ ५० मीटरच्या तलावात येते का?

येत नाही, आणि पालक इथे फार फसतात. छोट्या तलावात टर्न दुप्पट, म्हणजे ढकलण्याचा फायदाही दुप्पट. छोट्या तलावाचे विश्वविक्रमही वेगळे मोजतात. इथे जिल्ह्याला पहिला आलेला मुलगा मोठ्या तलावात गेला की तिसाव्या मीटरला त्याला भिंत हवी असते आणि ती येत नाही. निदान स्पर्धेआधी दोन-तीन वेळा तरी त्याला ५० मीटरच्या तलावात नेऊन आणा. एसटीचं भाडं वसूल होतं.

जगाच्या स्पर्धेत फक्त सगळ्यांत वेगवानच जातात का?

बहुतेक. ठरवलेल्या वेळा असतात, देशाला एका शर्यतीत जास्तीत जास्त दोन जागा. पण जलतरण रुजावं म्हणून छोट्या देशांना काही जागा ठेवतात. २००० ला सिडनीत इक्वेटोरियल गिनीचा एरिक मुसांबानी असाच आला. १०० मीटरच्या त्याच्या प्राथमिक फेरीत तिघेच होते, इतर दोघे आधी उडी मारून बाद झाले आणि तो एकटा पोहला. १:५२.७२. शेवटच्या मीटरांत तो जागच्या जागी हात मारतोय असं वाटत होतं आणि अख्खं स्टेडियम उभं होतं. आमच्या पोरांचा हा आवडता व्हिडिओ आहे. मलाही आवडतो, कारण दमलेल्या माणसाचा हात कसा पडतो ते यापेक्षा चांगलं कुठेच दिसत नाही.

शर्यतीआधी अंगावर पाणी का मारतात, दोन टोप्या का घालतात?

पाणी थंड असतं, नियमाने २५ ते २८ अंश, त्याचा धक्का उडीत बसू नये म्हणून. दोन टोप्यांमधे गॉगलचा पट्टा दाबून बसतो. गॉगल उडीत निसटला तर टी दिसत नाही. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

गॅलरीतून माझं पोरगं ओळखू कसं यावं? सगळ्यांच्या टोप्या निळ्याच.

लेन नंबर लिहून घ्या, तोही काठावर उतरताना बदलतो कधी कधी. एका माउलीने यावर चांगला उपाय काढला. मुलाच्या दोन्ही तळव्यांना आदल्या रात्री मेंदी लावली. पोहताना काहीच दिसेना, ती म्हणाली फुकट गेली. मग टर्न आला, आठ जणांचे पाय एकदम वर आले आणि तिसऱ्या लेनमध्ये लालभडक तळवे भिंतीवर पडले.